नोटाबंदीत निभावले, मग आताच का?

पत्र

सप्रेम नमस्कार,

मी ३८ वर्षांची आहे. २०१२ पासून एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी असून दीड वर्षापूर्वी बदली होऊन सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, शाखेत दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी म्हणून रुजू झाले. नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा पुण्यात सासूबाईंजवळ राहतात. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी पुण्याला जाते. तिथे मुलाबरोबर दीड दिवस मजेत जातो, पण रविवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसले की दौंड येईपर्यंत पोटात गोळा आलेला असतो.

शाखेत दोन जागा रिकाम्या आहेत. सकाळी साडेनऊला रिजनल ऑफिसची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) असते आणि तिथे नाव घेऊन विचारले जाते, विमा पॉलिसी किती केल्या, अटल पेन्शन किती, एनपीएची, म्हणजे थकीत कर्जांची, वसुली किती. त्यानंतर दिवसभर काउंटर, केवायसी, पासबुकाची रांग आणि मध्येच सर्व्हर बंद. कॅश टॅली होऊन डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद करण्याचे काम, संपायला आठ वाजतात आणि मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर आकडे टाकायचे असतात. दिवाळीच्या सुमारास पीक कर्जासाठी आलेल्या ६२ वर्षांच्या एका शेतकऱ्याला मी २५ हजारांच्या हप्त्याची पॉलिसी घ्यायला लावली. त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडते, नंतर झोप लागत नाही. ग्राहक समोर आला की राग येतो. मागच्या आठवड्यात कॅशवरच्या मुलावर सर्वांदेखत ओरडले आणि नंतर रेकॉर्ड रूममध्ये जाऊन रडले. कधी कधी मनात येते, की लहानसा अपघात व्हावा, पाय मोडावा, म्हणजे महिनाभर तरी घरी राहता येईल. नोटाबंदीत मुलगा पोटात होता आणि तरीही मी रात्री दहा-अकरापर्यंत काम केले. तेव्हा असे काही झाले नव्हते, मग आताच का? मी कमकुवत झाले आहे का? नवरा म्हणतो, "सरकारी बँकेत आहेस, तुला कसला ताण?" मार्चएंड तोंडावर आला आहे. नोकरी सोडावी का?

– एक वाचक

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमचा नोटाबंदीचा प्रश्न या पत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे आणि बहुतेक उत्तर त्यातूनच निघणार आहे. परंतु त्याआधी पाय मोडण्याच्या वाक्याकडे वळणे मला भाग आहे. हे वाक्य मी शिक्षकांकडून, परिचारिकांकडून, एका एसटी वाहकाकडूनही जवळजवळ याच शब्दांत ऐकलेले आहे. सरळ मार्गाने विश्रांती मागण्याची सोय उरलेली नाही, असे ज्याला वाटू लागते, त्याचे मन विश्रांतीसाठी असा आडमार्ग शोधते. त्यामुळे हे मनात आले म्हणून स्वतःला घाबरू नका, पण त्याला थट्टेवारीही नेऊ नका. हा विचार पाय मोडण्यापाशी न थांबता "मी नसलेलीच बरी" इथवर कधी गेला असेल किंवा पुढे गेला, तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास आणि विनामूल्य चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. तशी वेळ आलेली नसली, तरी पहाटे तीन वाजता जागे असताना तिथे नुसते बोलण्यासही काही हरकत नाही.

आता नोटाबंदी. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, एक दिवस बँका बंद राहिल्या आणि दहा तारखेपासून जी रांग लागली ती तुम्ही काउंटरच्या आतून पाहिली आहे. तो पहिला शनिवार आणि रविवारही तुम्ही कामावर होता. केवळ कामाचे तास हाच ताणाचा मापदंड असता, तर गरोदरपणात ते पन्नास दिवस काढताना तुम्ही कोसळायला हव्या होता आणि आज तुलनेने ठीक असायला हव्या होता. घडले आहे नेमके उलटे. याचा अर्थ तुम्ही कमकुवत झालात असा होत नाही. कामाचा डोंगर दोन्ही वेळी होता. त्याच्याभोवतीच्या ज्या गोष्टींनी तेव्हा तुम्हाला तोलून धरले होते, त्या आज तिथे नाहीत.

त्या गोष्टी कोणत्या, ते आठवून पाहा. ३० डिसेंबर ही जुन्या नोटा खात्यात भरण्याची शेवटची तारीख होती, म्हणजे त्या कामाला अंत होता आणि तो कॅलेंडरवर दिसत होता. काय करायचे याविषयी नियम रोज बदलत असले, तरी काम स्वतः स्पष्ट होते: नोट घ्या, मोजा, नोंदवा. व्यवस्थापकापासून शिपायापर्यंत सगळे एकाच नावेत होते आणि एकट्या तुमचे नाव घेऊन कोणी जाब विचारत नव्हते. रांगेतली माणसे चिडलेली असली, तरी आपण त्यांच्या उपयोगी पडत आहोत हे तुम्हाला दिसत होते. आणि रात्री अकराला का होईना, तुम्ही आपल्या घरी जात होता की नाही, हे पत्रात नाही. परंतु मुलगा पोटात होता, म्हणजे आजच्या अर्थाने तो तुमच्यापासून लांब नव्हता.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धान्त हेच सांगतो. कामाची मागणी किती आहे एवढेच पाहून ताण कळत नाही. त्या कामाविषयी निर्णय घेण्याची मुभा माणसाच्या हाती किती आहे, हे त्याच्या जोडीने पाहावे लागते. मागणी मोठी आणि मुभाही मोठी असेल, तर माणूस थकतो पण शिकतो, वाढतो. मागणी मोठी आणि मुभा नाही, तर माणूस झिजतो. पुढे या मांडणीत सहकाऱ्यांच्या आणि वरिष्ठांच्या आधाराची भर पडली. लंडनमधील दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा १९८५ पासून दीर्घकाळ जो अभ्यास झाला, त्यातही कामावर निर्णयाची मुभा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या सरकारी कचेऱ्यांतच मिळते: नोकरी सुरक्षित असणे आणि नोकरीत ताण नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्या पदाची अडचण अशी, की शाखेत दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याकडे जबाबदारी पहिल्या क्रमांकाइतकी येते आणि अधिकार तिसऱ्या क्रमांकाइतके असतात. माणसे तुम्हाला नेमता येत नाहीत, उद्दिष्टे तुम्ही ठरवलेली नाहीत, सर्व्हर तुमच्या ताब्यात नाही. मात्र व्हीसीत नाव तुमचे घेतले जाते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. अशा स्थितीत शरीर काय करते, ते समजून घेतले तर पहाटेच्या धडधडीची भीती थोडी कमी होईल. धोका दिसला की मेंदू अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके सोडण्याचा आदेश देतो, हृदयाचे ठोके वाढतात, पचन मागे पडते, लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. ही व्यवस्था पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी उत्तम आहे. परंतु व्हीसीसमोर पळता येत नाही आणि लढताही येत नाही. तिथे "हो सर, आज करते" म्हणावे लागते आणि चेतवलेले शरीर तसेच खुर्चीत बसून राहते. कॉर्टिसोलची पातळी मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली असते आणि पहाटेपासून स्वाभाविकपणेच चढू लागते. झोप उथळ असली की या चढावर जाग येते आणि जाग आलेल्या मनाला साडेनऊची व्हीसी तेवढी आठवते.

कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात, हा शब्द तुम्ही ऐकला असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची तीन लक्षणे नोंदवली आहेत: गळून गेल्यासारखी थकावट, कामाविषयी मनात आलेला दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. ग्राहक पाहून येणारा राग हा यातला दुसरा प्रकार आहे, तो तुमच्या स्वभावात शिरलेला दुष्टपणा नव्हे. मात्र संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटले आहे, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. पुण्यात मुलाबरोबर तुम्ही अजून हसता, हे मला पत्रातले सर्वांत आश्वासक वाक्य वाटले. ज्या दिवशी तिथेही मन लागेनासे होईल आणि ते दोन आठवडे तसेच राहील, त्या दिवशी प्रश्न बँकेपुरता उरलेला नसेल. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

तरीही डॉक्टरांकडे त्या दिवसाची वाट न पाहता आताच जा. थकवा, धडधड, झोपमोड आणि चिडचिड ही लक्षणे रक्तक्षयातही दिसतात आणि थायरॉइडच्या बिघाडातही. तुमच्या वयाच्या स्त्रियांमध्ये हे दोन्ही इतके सर्रास आढळते, की तपासल्याखेरीज सगळा दोष ताणाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ आणि धडधडीसाठी एक ईसीजी एवढे पाहून घ्या. डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांकडे जायला सुचवले, तर सर्व्हिस रेकॉर्डवर डाग पडेल या भीतीने मागे हटू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांविषयीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याच कायद्यामुळे आरोग्य विम्यातही मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने वागवणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे.

जाता जाता चहाविषयी एक गोष्ट. शाखेत अकराला, दोनला, चारला आणि डे-एंडच्या वेळी चहा येतो, हे तुम्ही लिहिले नसले तरी मला ठाऊक आहे. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायलाच पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहाचा परिणाम मध्यरात्रीपर्यंत अंगात रेंगाळतो. शेवटचे दोन चहा सोडा आणि त्याऐवजी पाणी प्या. लहान शाखांतील स्वच्छतागृहांची अवस्था पाहून अनेक महिला कर्मचारी दिवसभर पाणीच पीत नाहीत, हेही मी ऐकत आले आहे. तुमचे तसे असेल, तर ते स्वच्छतागृह नीट करून घेणे ही तुमच्या अधिकारात असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक आहे. ती आधी करा.

यापुढचा भाग शाखेतल्या व्यवहाराचा आहे, आणि इथे मी तुम्हाला श्वास आणि ध्यान सांगून मोकळी होणार नाही. व्हीसीपूर्वी दोन मिनिटे श्वास संथ करणे, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास आणि उच्छ्वास थोडा लांब, याने ठोके खाली येतात आणि ते जरूर करावे. पण दोन रिकाम्या जागा प्राणायामाने भरत नाहीत. अनेक कार्यालयांत ताणावर उपाय म्हणून एखादी कार्यशाळा ठेवली जाते आणि त्या कार्यशाळेत गेलेले दोन तास भरून काढण्यासाठी माणसे रात्री उशिरापर्यंत बसतात, हा विनोद मी स्वतः एका कार्यालयात नोकरी करताना अनुभवला आहे.

आपल्या हाती मुभा नाही हे खरे असले, तरी ती अगदी शून्य नसते. रोज सकाळी व्हीसीत तोंडी जाब द्यावा लागतोच, पण त्याच्या जोडीने आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी, शाखाधिकाऱ्यांना दहा-बारा ओळींचा ईमेल पाठवायला सुरुवात करा. त्यात तक्रारीचा सूर नको, फक्त वस्तुस्थिती: आज शाखेत इतकी माणसे आहेत, इतक्या जागा रिक्त आहेत, केवायसीची इतकी प्रकरणे पडून आहेत, हप्ता थकून नव्वद दिवसांकडे झुकलेली इतकी खाती आहेत. शेवटी एकच प्रश्न विचारा: "एनपीए होण्याच्या बेतात असलेल्या खात्यांचा पाठपुरावा आणि पॉलिसींचे उद्दिष्ट ही दोन्ही कामे उपलब्ध मनुष्यबळात या आठवड्यात पूर्ण होणे शक्य नाही; त्यांपैकी कोणत्या कामाला प्राधान्य द्यावे, हे कृपया कळवावे." उत्तर आले, तर निर्णय तुमच्या एकटीच्या डोक्यावरून उतरला. उत्तर आले नाही, तर तुम्ही विचारले होते याची नोंद राहिली. दोन-तीन महिन्यांचे असे ईमेल हाती असले, की अधिकारी संघटनेलाही रिक्त जागांचा प्रश्न लावून धरायला आधार मिळतो. नुसते "फार लोड आहे" म्हटल्याने काहीच हलत नाही. शाखाधिकारी भला माणूस असेल, तर आधी चहाच्या वेळी त्याला हे सांगा, मग लिहा. तोही त्याच व्हीसीत बसतो.

व्हॉट्सअॅप ग्रुप सोडता येणार नाही, हे मी गृहीत धरते. परंतु रात्री साडेआठला आकडे टाकल्यानंतर तो सकाळपर्यंत म्यूट ठेवता येतो आणि फोन उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. गजराचे साधे घड्याळ विकत घ्या. आकडे टाकल्यानंतर पाच मिनिटे बसून उद्या काय काय करायचे ते कागदावर लिहा, आणि प्रत्येक कामापुढे ते कधी, कोणाकडून, कसे होणार हे लिहा. अर्धवट राहिलेली कामे मनात घोळत राहतात, हे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्येच दाखवले होते. काम पूर्ण झाले नाही तरी त्याची नेमकी योजना लिहून ठेवली, तरीसुद्धा हा घोळ पुष्कळ थांबतो, असे पुढच्या संशोधनात आढळले. २०१८ मध्ये अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील एका प्रयोगात झोपण्यापूर्वी अशी यादी लिहिणाऱ्यांना, आधीच पार पडलेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे आधी झोप लागली. प्रयोग लहान होता, पण त्याचा खर्चही एका कागदाचाच आहे.

रजेविषयी एक गंमत सांगते. बँकेत संवेदनशील पदांवर काम करणाऱ्यांना दर वर्षी सलग किमान दहा कामकाजी दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०२१ चा आदेश आहे. त्या काळात ईमेल वगळता कामाशी संबंधित कोणतीही यंत्रणा त्या कर्मचाऱ्याला वापरता येऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. आदेशामागे तुमच्या झोपेची काळजी नसून माणूस खुर्चीतून हलला की लपलेला घोटाळा वर येतो हा हिशोब आहे. पण रजा ती रजाच. तुमचे पद बँकेच्या त्या यादीत येते का आणि येत असल्यास गेल्या वर्षी ही रजा तुम्हाला दिली गेली का, याची चौकशी करा. पद यादीत नसेल, तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून आठ दिवसांची रजा आजच मागून ठेवा. मार्चमध्ये रजा मिळणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण पुढची रजा मंजूर झालेली असली, की मार्चलाही नोटाबंदीसारखी एक शेवटची तारीख मिळते.

आता त्या शेतकऱ्याविषयी. मी तुमचे पत्र पुन्हा पुन्हा वाचले आणि माझे मत असे झाले आहे, की व्हीसीतल्या अपमानापेक्षा हा चेहरा तुम्हाला अधिक जागवतो आहे. आपल्या हातून आपल्याच मनाविरुद्ध काही करवून घेतले जाते, तेव्हा होणारा त्रास थकव्याच्या जातीचा नसतो आणि तो विश्रांतीने जात नाही. तुम्ही एकट्याच अशा नाहीत, हेही लक्षात घ्या: बँकांनी विमा गळ्यात मारणे थांबवावे आणि आपल्या मूळ कामाकडे लक्ष द्यावे, असे खुद्द केंद्रीय अर्थमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत जाहीरपणे बँकांना सुनावले होते. त्या गृहस्थांची पॉलिसी घेऊन तीस दिवस उलटून गेले असतील, कारण नको असलेली पॉलिसी परत करण्याची मुदत २०२४ पासून तीस दिवसांची आहे. तरीही त्यांना एकदा फोन करा, हप्ता भरणे त्यांना झेपणार आहे का ते विचारा, आणि पॉलिसी बंद केल्यास काय हाती येईल याचा खरा हिशोब समजावून सांगा. कर्जासाठी ती घेणे सक्तीचे होते असे त्यांना वाटले असेल, तर विमा कंपनीकडे लेखी तक्रार करता येते हेही सांगा. हे सांगताना तुमचा स्वर थरथरेल. थरथरू द्या.

पुढच्यासाठी स्वतःपुरती एक रेघ ओढा: कर्जाच्या फाइलबरोबर पॉलिसीचा अर्ज पुढे सरकवायचा नाही, आणि ज्याला ती विकली त्याला तीस दिवसांची सोय त्याच्या भाषेत सांगायची. या रेघेच्या आत राहूनही काम होते. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सत्तरीपर्यंत घेता येते, ती त्या ६२ वर्षांच्या शेतकऱ्याच्या खरोखर उपयोगाची होती. त्यांच्या पन्नाशीच्या आतल्या मुलाला वर्षाला ४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना सांगता आली असती. रिजनल ऑफिसच्या तक्त्यात २५ हजारांच्या पॉलिसीपुढे हे आकडे किरकोळ दिसतील आणि त्याबद्दल तुम्हाला बोलणी खावी लागतील, हे मी लपवत नाही. परंतु जे करायचे नव्हते ते न केल्याबद्दल खाल्लेली बोलणी पहाटे तीनला उठवत नाहीत, निदान रोज तरी नाही.

कॅशवरच्या मुलाची माफी मागा, आणि तुम्ही जशा सर्वांदेखत ओरडला होता, तशीच ती सर्वांदेखत मागा. व्हीसीतला राग तुम्ही त्याच्यावर काढला, वड्याचे तेल वांग्यावर. तोही तीन माणसांचे काम करतो आहे आणि कॅश शॉर्ट आली तर भरपाई त्याच्या खिशातून होते. शाखेत तुम्हाला जो आधार मिळू शकतो, तो वरून येण्याची शक्यता कमी आणि याच काउंटरवरून येण्याची शक्यता अधिक आहे. नोटाबंदीत तो तिथूनच आला होता.

नवऱ्याशी भांडू नका. त्यांना शाखा दाखवा. एखाद्या सोमवारी रजा घेऊन ते तुमच्याकडे आले आणि दहा ते एक बाकावर नुसते बसले, तर "तुला कसला ताण" हा प्रश्न पुन्हा निघणार नाही. रोज रात्री नऊचा फोन मुलासाठी ठेवा आणि त्यात बँकेचे नाव काढायचे नाही असे दोघे ठरवा. बँकेचे गाऱ्हाणे नवऱ्याला वेगळ्या वेळी सांगा आणि सांगण्यापूर्वीच म्हणा, की मला उपाय नको आहे, नुसते ऐक. हे वाक्य न ऐकलेले नवरे उपायच सुचवत राहतात आणि त्या उपायांतला पहिला "दुर्लक्ष कर" हा असतो.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. नीट झोप होत नसलेल्या माणसाने इतका मोठा निर्णय घेऊ नये, एवढेच मी आज म्हणेन. राजीनाम्याच्या अलीकडे बदली हा मार्ग आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या वित्तीय सेवा विभागाने सरकारी बँकांना बदल्यांच्या धोरणात सुधारणा करायला सांगितले. महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो जवळच्या ठिकाणी नेमावे, विवाह, आजारपण, बालसंगोपन यांसारखी कारणे विचारात घ्यावीत आणि बदल्या जूनपर्यंत पूर्ण कराव्यात, असा त्याचा रोख आहे. तुमच्या बँकेने त्याप्रमाणे केलेले धोरण पोर्टलवर असेल. ते वाचा आणि बदलीच्या अर्जांची खिडकी उघडताच पुणे किंवा पुण्यालगतच्या शाखांची पसंती देऊन अर्ज करा, डॉक्टरांचे कागद असतील तर जोडा. अर्जाचे काय होते ते जूनअखेर कळेल. तोपर्यंत झोप सुधारली असेल, मार्च मागे पडला असेल, आणि तेव्हाही राजीनाम्याचा विचार टिकून असेल, तर मला पुन्हा लिहा. आपण मग घरचे हप्ते, मुलाची शाळा आणि तुमची तेरा-चौदा वर्षांची सेवा समोर ठेवून त्याचा विचार करू.

येत्या चौथ्या शनिवारी तुम्ही पुण्यात असाल. त्या सकाळची डॉक्टरांची वेळ आजच फोन करून घेऊन ठेवा, आणि रक्त उपाशीपोटी द्यावे लागेल म्हणून शक्यतो आठच्या आतली मागा. म्हणजे नऊ वाजता मुलाबरोबर नाश्ता करता येईल.